बेस गिटार: घरच्या घरी सेटअप, दुरुस्ती आणि बदल

खर्जवेडा:

मंडळी, पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबक-कॉइल) कुठले टाकू, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) बदलू का, प्रीॲम्प (आवाज वाढवणारं आतलं सर्किट) बसवू का हे प्रश्न सारखे येत राहतात आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली असतात, म्हणून सगळं एका जागी यावं यासाठी हा धागा. माझं म्हणणं आधीच सांगतो. आवाज आवडत नाही म्हणून जे पिकअप बदलायला निघतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा बेस मुळात नीट लावलेलाच नसतो, तारा मेलेल्या, नेक (बेसची लांब मान) वाकलेला, पिकअप तारांना जवळजवळ चिकटलेले, आणि दोष मात्र पिकअपवर. आधी सेटअप करा, आठवडाभर वाजवा, मग काय खुपतंय ते ठरवा. आणि जे काही बदलाल ते परत पहिल्यासारखं करता आलं पाहिजे, निदान पहिले काही बदल तरी तसेच असावेत. लाकूड एकदा कोरलं की कोरलं.

सेटअपचा क्रम महत्त्वाचा आहे कारण प्रत्येक पायरी पुढचीला हलवते: तारा, नेकचा रिलीफ (बाक), ॲक्शन (तारांची उंची), इंटोनेशन (नेकभर सूर बरोबर येणं), शेवटी पिकअपची उंची. मधूनच सुरुवात केलीत तर फिरून तिथेच याल.

तारा आधी, कारण चार तारांचा मिळून नेकवर ८० किलोच्या आसपास ताण असतो आणि तारांचा जाडपणा बदलला की तो ताण बदलतो, म्हणजे नेकचा बाकही बदलतो. ४५ ते १०५ चा सेट (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात) सगळ्यात जास्त चालणारा. फेंडर कंपनीच्या पद्धतीचे पोस्ट (खुंटीचे दांडे, ज्यांना तार गुंडाळते) असतील, म्हणजे वरून चीर आणि मधे भोक, तर तार पोस्टच्या पुढे साधारण १०-१२ सेंमी ठेवायची, कापायच्या जागेच्या अलीकडे आधी काटकोनात वाकवायची आणि मगच कापायची. न वाकवता कापली तर बाहेरचं गुंडाळलेलं वेटोळं आतल्या तारेवर सैल पडू शकतं, मग ती तार पहिल्या दिवसापासून मुकी वाजते आणि लोक म्हणतात तारच खराब निघाली. टोक भोकात घालून वेढे वरून खाली उतरत गेले पाहिजेत, म्हणजे नटवर (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) तार नीट दाबून बसते. सुरात आणल्यावर नटच्या पुढे आणि सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) पुढे तार बोटाने हळूच खाली दाबा, तिथे जी कमान राहते ती जाते आणि सूर एकदम स्वच्छ होतो. एवढ्या साध्या गोष्टीने पडणारा फरक मी खूप बेसवर ऐकलाय.

रिलीफ म्हणजे नेकला पुढच्या बाजूने असलेला हलकासा बाक. तो लागतोच, कारण जाड तार हलते तेव्हा मधल्या भागात जास्त जागा मागते. बेस सुरात लावून वाजवताना धरतो तसा धरा (टेबलावर पाठीवर झोपवून मोजलं तर नेकचं स्वतःचं वजन आकडा बदलतं), पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, शेवटचा फ्रेट बोटाने दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. ०.३ मिमीच्या आसपास असावी. फेंडरची स्वतःची शिफारससुद्धा फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे ०.२५ ते ०.३५ मिमी अशीच आहे. फीलर गेज नावाची पात्यांची जुडी मिळते, वाहनदुरुस्तीवाले वापरतात तीच, ती घेऊन ठेवा.

ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) उजवीकडे फिरवला की आवळतो आणि नेक सरळ होतो, डावीकडे सैल आणि बाक वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग परत सूर लावायचा आणि परत मोजायचं, कारण लाकूड थोडा वेळ घेतं. आणि ॲलन की बरोब्बर मापाचीच हवी! रॉडच्या टोकाच्या अमेरिकन मापाच्या ३/१६ इंची नटला ४.५ मिमीची की सैल बसते, ५ ची जातच नाही, आणि सैल कीने जोर लावला की आतले कोपरे झिजतात. ते झिजलेलं नीट करणं हे घरचं काम राहत नाही.

अजून एक, ट्रस रॉड हा ॲक्शन कमी-जास्त करायचा स्क्रू नाही. तारा उंच वाटतात म्हणून रॉड आवळत सुटणारे लोक आहेत, त्याने नेक पाठीमागे वाकतो आणि पहिले चार-पाच फ्रेट करकरायला लागतात.

ॲक्शन सॅडलवरच्या छोट्या स्क्रूंनी. सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत २ ते २.५ मिमी ही चांगली सुरुवात, ई तारेला थोडी जास्त, जी ला थोडी कमी (जाडीकडून बारीककडे तारा ई, ए, डी, जी). जोरात वाजवणाऱ्याला जास्त लागते आणि त्यात वाईट काही नाही, आकड्यासाठी हात बदलू नका.

इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून येणारा सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरलेला आला तर पुढे. सॅडल हलवायच्या आधी तार सैल करा नाहीतर स्क्रूचे आटे जातात. ई तारेचं सॅडल सगळ्यात मागे आणि जी चं सगळ्यात पुढे असं तिरकं दिसेल, ते तसंच असतं.

शेवटी पिकअप. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यात ई कडे ३ मिमी, जी कडे अडीच, इथून सुरुवात करा आणि मग कानाने. जास्त जवळ नेलं तर चुंबक तारेला ओढतो, सूर थरथरतो, लवकर विझतो, आणि ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नाही. बऱ्याचदा पिकअप खाली केल्यावरच बेस मोकळा वाजतो.

बाकीच्यांनी भर घालावी, वायरिंगबद्दल जाणकारांनी नक्की लिहा.

नवशिकी:

खूप उपयोगी लिहिलंय दादा, धन्यवाद. एक प्रश्न आहे. माझ्या बेसवर पहिल्यापासून साधारण पाचव्या फ्रेटपर्यंत ई आणि ए वर बझ (करकर) येतो, वर काहीच नाही, मोकळी तार पण स्वच्छ वाजते. एका ओळखीच्यांनी सॅडल वर करा म्हणून सांगितलं, ते केलं तर बझ थोडा कमी झाला पण आता वरच्या बाजूला दाबताना बोटं दुखतात. ट्रस रॉड फिरवायची खरं सांगायचं तर भीती वाटते, तुटला तर?

शिसवी:

नवशिकी ताई, लक्षणं तुम्ही नीट सांगितलीत म्हणून उत्तर सोपं आहे. बझ कुठे येतो त्यावरून कारण बहुतेक वेळा कळतं. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल तर नटची खाच खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर नेक फार सरळ आहे किंवा मागे वाकलाय. बाराव्याच्या वर येत असेल तर ॲक्शन कमी आहे, किंवा नेक जिथे बॉडीला जोडलाय तिथे फुगवटा आलाय. आणि एकाच सुरावर, एकाच जागी येत असेल तर त्याच्या पुढचा एखादा फ्रेट उचललेला असतो. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं दिसतंय. सॅडल होतं तिथे परत खाली आणा आणि रॉड डावीकडे पाव फेरा सोडा. सैल करताना रॉड तुटायचा धोका जवळजवळ नसतोच, धोका असतो तो आवळताना, आधीच घट्ट असलेल्यावर जोर लावला तर. त्यामुळे ज्यांना आवळायचाय त्यांनी आधी तारा थोड्या सैल कराव्यात, नेकचा मधला भाग हाताने हलका मागे दाबून धरावा आणि मग फिरवावा. हाताला एकदम दगडासारखं लागलं की थांबायचं.

काही जुन्या पद्धतीच्या नेकवर रॉडचा नट बॉडीच्या बाजूला, नेकच्या टाचेत असतो, तो फिरवायला नेक काढावा लागतो. काढलात तर परत बसवताना स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात पडल्याचं हाताला कळतं, मग सरळ आवळा. असं केलं नाही तर प्रत्येक वेळी लाकडात नवीन आटे पडत जातात आणि भोक सैल होतं. सैल झालंच असेल तर टूथपिक लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात भरायच्या, रात्रभर सुकू द्यायचं आणि वरचं टोक सपाट कापायचं.

हवामान बदललं की रिलीफ परत तपासा. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आकसतं, आणि बेसचा नेक लांब असल्यामुळे (३४ इंची स्केल म्हणजे ८६४ मिमी) ते पटकन जाणवतं.

डाखकाम:

वायरिंगचं मी लिहितो, मोठं होईल पण एकदाच होऊन जाऊ दे.

सगळ्यात आधी, बेस उघडायच्या आधी केबल बदलून बघा, खरोखर. खरखर, मधेच आवाज जाणं, हे बऱ्याच वेळा केबलचंच असतं. केबल चांगली असेल तर पुढचा संशय जॅकवर. जॅकचा बाहेरचा नट ढिला होतो, लोक तो बाहेरून आवळतात, आतला जॅक सोबत फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. आवळताना आतून जॅक धरून ठेवायचा. प्लग सैल बसत असेल तर जॅकची पत्ती थोडी आत वाकवली की पुरते.

व्हॉल्यूम-टोन फिरवताना खरखर येत असेल तर पॉटमध्ये (नॉबखालचा फिरता भाग) काँटॅक्ट क्लीनर मारा, वंगण असलेला, पॉटच्या मागे किंवा पायांच्या वर जी छोटी फट असते तिच्यातून, आणि मग नॉब इकडून तिकडे भरपूर फिरवा. घरातलं दार-बिजागरीचं तेल नको.

आता एक युक्ती जी फार कमी लोक वापरतात. बेस न उघडता पिकअप तपासता येतो. केबल बेसमध्ये लावा, नॉब सगळे पूर्ण उघडे, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मल्टिमीटर ओहमवर ठेवून टोक आणि दांडा यांच्यात मोजा. प्रिसिजन (फेंडरचा एक पिकअपचा बेस) पद्धतीच्या पिकअपला १० किलोओहमच्या आसपास येईल. जॅझ (फेंडरचाच, दोन पिकअपचा) पद्धतीत एकेक पिकअप ७-८ किलोओहमचा असतो पण दोन्ही चालू असताना ते पॅरलल होतात म्हणून ४ च्या जवळ दिसेल, घाबरू नका. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट, काहीच आकडा नाही आला तर वायर तुटलीय. हे पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसचं झालं, ॲक्टिव्हमध्ये मधे प्रीॲम्प असतो तिथे या आकड्याला अर्थ नाही.

घूं आवाजाबद्दल. तारांना हात लावला की आवाज कमी होत असेल तर अर्थिंगची वायर ठीक आहे, तुमचं अंगच आजूबाजूचा गोंगाट उचलत होतं आणि हात लावल्यावर ते अर्थला जोडलं गेलं. अशा बेसला शील्डिंगचा, म्हणजे आतली पोकळी धातूने मढवण्याचा, फायदा होतो. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालून येणारी अर्थ वायर तुटलेली असू शकते, मल्टिमीटरने ब्रिज ते जॅकचा दांडा असं तपासा. आणि हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर जॅकवर हॉट (आवाज नेणारी वायर) आणि अर्थ उलटे जोडलेत का ते आधी बघा. आणि तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर बेसशी खेळू नका, ॲम्प आणि भिंतीतलं अर्थिंग आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, हा जिवाशी खेळ आहे.

शील्डिंगला तांब्याची चिकट पट्टी वापरा. आतली पोकळी पूर्ण मढवायची, पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या आणि सांध्यांवर डाखाचे ठिपके द्यायचे कारण खालचा चिकटपणा वीज वाहून नेईलच असं नाही. पिकगार्डच्या मागेही पट्टी, आणि ती पोकळीच्या कडेला आलेल्या पट्टीला टेकली पाहिजे. सगळं मिळून एका जागी अर्थला जोडा. जॅकचा हॉट पाय पट्टीला लागणार नाही याची काळजी घ्या, लागला तर आवाजच बंद.

पण शील्डिंगने सगळं जात नाही हे लक्षात ठेवा. ट्रान्सफॉर्मरचा जो चुंबकीय घूं असतो तो तांब्यातून आरपार येतो. तो घालवायला दोन उलट गुंडाळलेल्या कॉइल लागतात. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत आला तो तसाच आहे, म्हणून तो शांत. १९६० चा जॅझ घ्या, त्याचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट असतील तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असताना घूं जातो, एक जरा खाली केला की परत येतो. जॅझवाल्यांनी बेस बिघडलाय समजून उघडू नये, त्याची घडणच तशी आहे.

पिकअप बदललाय आणि दोन्ही चालू केल्यावर आवाज पोकळ, खर्ज गायब असं होत असेल तर फेज उलटी झालीय. एका पिकअपच्या दोन वायरची अदलाबदल करा, संपलं. फक्त त्या पिकअपला धातूचं कव्हर असेल आणि ते अर्थला जोडलेलं असेल तर आधी ती जोडणी वेगळी करावी लागते.

डाख देताना: ६०/४० किंवा ६३/३७ ची रेझिनवाली तार, ४० वॉट तरी आयर्न, आणि टोक स्वच्छ. पॉटच्या पाठीवर डाख बसत नाही ही सगळ्यांची तक्रार, तर ती पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडा, धातू गरम करा आणि डाखाची तार धातूला लावा, आयर्नला नाही. चकचकीत पसरला पाहिजे, गोळी होऊन बसला तर तो सांधा कच्चा. नळकामाची आम्लवाली पेस्ट वापरू नका, काही काळाने सगळं गंजतं. बॉडीवर जाड कापड टाका, एक थेंब पडला की रंगावर कायमचा डाग. शिसं असतं म्हणून काम झाल्यावर हात धुवा. आणि वायर सोडवायच्या आधी फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी.

चौथीतार:

+१. फोटोवाला सल्ला ठळक अक्षरात लिहायला हवा.

मला तारांबद्दल बोलायचंय. लोक जुन्या मोटाउनचा (अमेरिकन सोल संगीताची रेकॉर्ड कंपनी) आवाज हवा म्हणून पिकअप शोधतात, आणि तो आवाज बऱ्याच अंशी फ्लॅटवाउंड (बाहेरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांचा आहे. मोटाउनचे बेसवादक जेम्स जॅमरसन प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड लावायचे, तुटेपर्यंत बदलायचे नाहीत, ब्रिजचं कव्हर तसंच ठेवायचे आणि त्याच्या आत फोम होता जो तारांना दाबून ठेवायचा. उजव्या हाताची एकच तर्जनी. म्हणजे त्यात बाजारातून आणायचं काय आहे? तारा आणि फोमचा तुकडा. फोम ब्रिजच्या अगदी जवळ तारांखाली सरकवा, नोट छोटी आणि गोल होते, नको झालं की काढून टाका. यापेक्षा परतीचा बदल दुसरा नाही.

फ्लॅटवाउंड टाकल्या की ताण बहुतेक वाढतो, रिलीफ परत बघा.

कानसेन:

फ्लॅटवाउंड सगळ्यांना चालत नाहीत हो. स्लॅप करणाऱ्याने, म्हणजे अंगठा तारेवर आपटून वाजवणाऱ्याने, काय करायचं? मला चकचकीत स्टीलच्या राउंडवाउंडच (बाहेरून गोल तार गुंडाळलेल्या) आवडतात आणि त्या लवकर मरतात ही खरी अडचण. तारा उकळल्याने परत जिवंत होतात हे खरं आहे का?

चौथीतार:

खरं आहे, पण थोड्या दिवसांसाठी. वेढ्यांमध्ये घाम आणि मळ बसतो तो सुटतो. पाण्यात उकळल्या तर लगेच पूर्ण कोरड्या करा नाहीतर गंज धरतो. मिथिलेटेड स्पिरिटमध्ये बंद नळीत रात्रभर भिजवणं जास्त चांगलं, ते उडून जातं, फक्त आगीपासून लांब आणि खिडकी उघडी. मात्र फ्रेटवर घासून तारेला खाली खड्डे पडलेले असतील तर काही केलं तरी इंटोनेशन जागेवर येत नाही, त्या टाकूनच द्या. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने खालून-वरून पुसणं हेच तारांचं आयुष्य वाढवतं.

डाखकाम:

टोनच्या कपॅसिटरबद्दल राहिलं. प्रिसिजन-जॅझमध्ये साधारण ०.०४७ मायक्रोफॅरड असतो. ०.०२२ लावला तर टोन बंद केल्यावरही थोडी धार शिल्लक राहते, ०.१ लावला तर एकदम गडद. किंमत बदलून ऐकायला मजा येते आणि दोनच टाके आहेत, शिकायला उत्तम जागा.

कानसेन:

आणि तेलात भिजवलेल्या कागदाचे जुने कपॅसिटर? त्यांचा आवाज उबदार असतो म्हणतात. मला तरी फरक ऐकू येतो.

डाखकाम:

तुम्हाला ऐकू येत असेल, पण दोन्ही कपॅसिटर मीटरवर मोजलेत का? जुन्या कागदी कपॅसिटरची खरी किंमत छापलेल्यापेक्षा बरीच वेगळी निघू शकते. ०.०४७ छापलेला मोजल्यावर ०.०६ भरला तर फरक ऐकू येणारच, पण तो तेलाचा नाही, आकड्याचा. मोजून सारखे असलेले दोन घ्या, एका स्विचवर लावा आणि डोळे मिटून ऐका. माझ्या मते इथे पैसे घालवण्यात अर्थ नाही. त्याच वेळात जॅझवाल्यांनी पुश-पुल पॉट (ओढला-दाबला की स्विचचं काम करणारा) टाकून दोन पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, आणावेत, आवाज मोठा आणि मध्यभाग भरदार होतो, दाबलं की परत नेहमीचा जॅझ. बॉडीला नवीन भोकसुद्धा पडत नाही, फक्त पुश-पुल लांब असतो म्हणून पोकळीची खोली आधी मोजा.

बेफ्रेट:

फ्रेटलेसबद्दल, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसबद्दल, कोणीच लिहिलं नाही अजून! प्रसिद्ध बेसवादक जाको पास्टोरियसचा जॅझ बेस फ्रेट काढलेला होता आणि फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलेलं होतं हे बऱ्याच जणांना माहीत आहे, त्याच्याही आधी रोलिंग स्टोन्सचा बेसवादक बिल वायमन याने आपल्या बेसचे फ्रेट उपटले होते. कंपन्यांचा बघाल तर अँपेगचा फ्रेटलेस १९६६ चा, फेंडरचा १९७० चा. म्हणजे हा बदल घरातच जन्मलाय.

पद्धत अशी. तारा काढा, रॉड सैल करा, नेक सरळ आहे का बघा. प्रत्येक फ्रेटला सोल्डरिंग आयर्नने गरम करा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू, त्याने जुना गोंद सुटतो आणि लाकडाचे टवके कमी उडतात. मग तोंड सपाट घासलेल्या पकडीने फ्रेट एका बाजूने किंचित उचलत उचलत न्यायचा. ओढायचा नाही! उरलेल्या खाचा मोकळ्या ठेवू नका, नेक कमजोर होतो आणि तारांच्या ताणाने पुढे वाकतो. लाकडाच्या पातळ पट्ट्या गोंदाने घट्ट बसवा, फिकट लाकडाच्या घेतल्या तर रेषाही दिसतात आणि सूर शोधायला आधार होतो. मग गोलाईच्या लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून सारखं घासायचं. नटच्या खाचा आणि सॅडल खाली आणायला लागतात कारण फ्रेटची उंची गेली.

आणि बोट रेषेच्या मागे नाही, बरोब्बर रेषेवर. हे हाताला समजायला वेळ लागतो पण एकदा तो सूर लांबवला की परत यावंसं वाटत नाही.

शिसवी:

बेफ्रेट, लिहिलंत सुंदर, पण एकुलता एक बेस असलेल्याने हे करू नये असं मी अगदी मनापासून सांगेन. धाग्याच्या सुरुवातीला परतीची जी अट आहे तिच्यात हे बसत नाही. नेक स्क्रूने जोडलेला असेल तर दुसरा नेक घ्या, त्याला फ्रेटलेस करा, मूळचा जपून ठेवा. बदलायला अर्धा तास लागतो. आणि राउंडवाउंड तारा उघड्या शिसवी लाकडाला खातात, तेव्हा एक तर फ्लॅटवाउंड किंवा मग ते इपॉक्सीचं कवच.

फ्रेटची निगा सुद्धा लोक विसरतात. फिंगरबोर्डला मास्किंग टेप लावा, फ्रेट तेवढे उघडे ठेवा आणि बारीक पॉलिश पेपरने चढत्या क्रमाने चमकवा. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप आधी पूर्ण झाका, ते लोखंडी केस चुंबकाला चिकटतात आणि निघता निघत नाहीत. तेल फक्त उघड्या लाकडाला, लॅकर असलेल्या मेपलला नुसतं किंचित ओलं कापड.

कानसेन:

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मधे माझ्याकडे एक सूर असा आहे की वाजतो आणि लगेच मरतो. फ्रेट बदलून घेतला, तारा बदलल्या, काहीच नाही. एका दुरुस्तीवाल्याने पिकअप बदला सांगितलं.

खर्जवेडा:

पिकअप बदलू नका, त्याने काही होणार नाही. याला डेड स्पॉट म्हणतात. नेकची स्वतःची एक कंपनाची गती असते, एखाद्या सुराची गती तिच्याशी जुळली की नेक ती शक्ती शोषून घेतो आणि तार शांत होते. लांब नेकच्या स्क्रूने जोडलेल्या बेसवर तो नेमका तुम्ही सांगताय त्याच भागात सापडतो. पारख सोपी आहे, हेडस्टॉकला (नेकचा खुंट्या असलेला वरचा भाग) एखादा छोटा क्लॅम्प लावा, मधे कापडाचा तुकडा ठेवून, आणि परत वाजवा. सूर जिवंत झाला किंवा डेड स्पॉट एखाद्या फ्रेटने सरकला तर कारण पक्कं. मग उपाय म्हणजे हेडस्टॉकचं वजन बदलणं, मागे पितळी पट्टी लावून वाढवा किंवा हलक्या वजनाच्या खुंट्या लावून कमी करा. हलक्या खुंट्यांनी नेक खाली झुकायचाही थांबतो, दोन कामं होतात. पूर्ण जात नाही, पण जिथे कमी त्रास होईल तिथे सरकवता येतो. तोच सूर डी तारेवर पाच फ्रेट वर घेणं हा तोवरचा मार्ग.

नवशिकी:

शिसवी ताई, सॅडल परत खाली आणून रॉड पाव फेरा सोडला, बझ गेला!! आणि दाबायलाही हलकं वाटतंय. आता धीर आलाय म्हणून अजून एक विचारते, आमच्या ग्रुपला खाली डी पर्यंत जायचंय, काही गाण्यांत सी आहे. पाच तारांचा बेस आत्ता घेणं शक्य नाही. चार तारांच्याच बेसवर बी-ई-ए-डी लावतात असं ऐकलं, ते कितपत चालतं?

शिसवी:

मस्त! आता एक-दोन दिवसांनी रिलीफ परत मोजून बघा, लाकूड उशिरापर्यंत सरकत राहतं.

खर्जवेडा:

चालतं, आणि छान चालतं. मात्र आहेत त्याच तारा सैल करून बी पर्यंत नेऊ नका, त्या लोंबकळतात आणि सूर राहत नाही. पाच तारांचा सेट घ्या, त्यातली जी बाजूला ठेवा आणि बी, ई, ए, डी लावा, बी साधारण १३० ची असते. अडचणी तीन जागी येतात. खुंटीच्या पोस्टमध्ये जाड तारेचं टोक जातं का ते सेट घ्यायच्या आधी बघा, टोकाला निमुळती होणारी बी मिळते ती बसते. नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात, त्यासाठी मूळ नट काढून जपून ठेवा आणि दुसऱ्या कोऱ्या नटवर खाचा पाडा, म्हणजे परत ई-ए-डी-जी वर यायचं झालं तर जुना नट तयार. खाच तारेपेक्षा जेमतेम रुंद, तळ गोल, आणि हेडस्टॉककडे किंचित उतरती. खोली तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर अगदी केसाएवढी फट राहते का बघायची, फट नसेल तर खाच जास्त खोल गेली. तिसरं सॅडल: बी ला मागे बरीच जागा लागते, सॅडल स्प्रिंगला टेकून अडत असेल तर स्प्रिंग काढून टाका, तारेच्या दाबाने सॅडल जागेवर राहतं.

तारा चढवल्यावर रिलीफपासून सगळा क्रम परत करा. आणि बी चा मूळ सूर ३१ हर्ट्झच्या जवळ असतो, ई चा ४१, छोट्या स्पीकरमधून तो पूर्ण येणार नाही, तेव्हा ॲम्पवर बेसचा नॉब वाढवत बसण्यापेक्षा तो थोडा कमी करून मध्यभाग वाढवा, सूर जास्त स्पष्ट कळतो. तुम्हाला फक्त डी पर्यंतच जायचं असतं तर १०५ ऐवजी ११० ची ई लावून एक सूर खाली उतरवली असती तरी भागलं असतं, पण सी हवा असेल तर बी-ई-ए-डी च बरं.

नवशिकी:

सी हवाच आहे. खुंटीच्या पोस्टचं भोक आज मोजते आणि सेटचं नक्की झालं की इथे विचारते, नटच्या खाचेला कुठली कानस लागेल ते तेवढं सांगून ठेवा.

शिसवी:

खाचांच्या गोल कानशींचा संच मिळतो, तारेच्या मापाप्रमाणे. एकदाच करायचं असेल तर बारीक गोल सुई-कानसही चालते, नाहीतर जुनी जाड राउंडवाउंड तार घ्या, तिच्याभोवती पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळा आणि तिनेच घासा, तळ आपोआप गोल येतो. दर चार-पाच घासांनी तार ठेवून बघा. आणि शेवटी खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, तार अडकत नाही.